एकाच नटाचे दोन भाव

चंद्रपूरच्या मूल रोडवर आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे मालकाचं. पण उमेदीची सगळी वर्षं तिथल्या ग्रीसच्या वासात गेल्यामुळे 'आमचं' म्हणायचा हक्क मी परस्पर घेऊन टाकला आहे. घुग्घुसपासून मुलचेऱ्यापर्यंतची गिऱ्हाइकं मला 'लेबरवाल्या बाई' म्हणत. नवीन माणूस हे नाव ऐकून मजूर पुरवणारी ठेकेदारीण शोधत यायचा आणि काउंटरमागे चष्मा लावून बसलेली मी दिसले की गोंधळायचा. माझं काम मजूर पुरवण्याचं नव्हतं. गाडी दुरुस्त झाली की तिच्या मजुरीचा आकडा ठरवायचा, तो गिऱ्हाइकाला पटवायचा आणि त्याच आकड्यावरून मिस्त्रीचंही तोंड वाकडं होऊ द्यायचं नाही, एवढंच काम. एवढंच म्हणते खरी, पण त्यापायी मी दोन्ही बाजूंच्या शिव्या पोटभर खाल्ल्या आहेत.

मी तिथे लागले होते साधे हिशेब लिहायला. लेबर तेव्हा मालक स्वतः लावायचे, आणि ते लावायचे माणसाचं तोंड बघून. कडक इस्त्रीचे कपडे दिसले की जास्त, ओळखीचा निघाला की कमी, आणि ओरडणारा निघाला की ओळखीच्याहून कमी. माणूस मनाने वाईट नव्हता, फक्त भांडणाला भ्यायचा. पण आमच्याकडे मिस्त्रींना पगार नव्हता. लेबरचं अर्धं मिस्त्रीचं आणि अर्धं गॅरेजचं, अशी रीत होती. त्यामुळे मालकाने ओरडणाऱ्याला खूश केलं की गाडीखाली उताणं पडून ज्याने काम केलं त्याच्या घरची भाजी कमी व्हायची. शेवटी सगळे मिस्त्री एक होऊन मालकाकडे गेले आणि म्हणाले, "लेबर बाईले ठरवू द्या. त्यायचा कोनी भाऊबंद गाडीवाला नाई." माझी निवड या एका गुणावर झाली.

बाहेरच्या माणसाला हा धंदा कळावा म्हणून थोडं सांगते. गाडीच्या बिलात दोन गोष्टी असतात, सामान आणि लेबर. सामानाच्या डब्यावर किंमत छापलेली असते, त्यावर कोणी वाद घालत नाही. लेबर कुठेच छापलेलं नसतं. कंपनीच्या मोठ्या शोरूममध्ये कुठल्या कामाला किती वेळ धरायचा हे वरून ठरून येतं. आमच्यासारख्या सगळ्या गाड्या घेणाऱ्या गॅरेजला असा आधार नव्हता. शिवाय वरून ठरवणाऱ्या माणसाने आमच्या भागातली गाडी पाहिलेली नसते. घुग्घुसच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीचा बोल्ट कोळशाच्या आणि सिमेंटच्या धुळीने असा काही जाम होतो की तो उकलण्यातच मिस्त्रीचा दंड भरून येतो. तोच बोल्ट नागपूरच्या गाडीत हाताने फिरतो. मग दोघांना सारखं लेबर कसं लावायचं?

मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली. काउंटर सोडून गाडीजवळ जायचं आणि पाहायचं. मिस्त्रीचा हात सरळ पोचतोय की आधी दोन वस्तू काढाव्या लागतात? इंजिन गार व्हायची वाट पाहिली का? स्वतःच्याच चुकीने दुसऱ्यांदा खोललं असेल, तर त्या दुसऱ्या खोलण्याचे पैसे गिऱ्हाइकाने द्यायचे नाहीत. यावरून मिस्त्री माझ्याशी आठ-आठ दिवस बोलत नसत. आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल ठेवलं होतं. ज्याला लेबर जास्त वाटण्याची शक्यता आहे, त्याला आधीच त्या स्टुलावर गाडीशेजारी बसवायचं. उन्हाळ्यात चंद्रपूरच्या पत्र्याखाली माणूस तासभर बसला आणि मिस्त्रीच्या हनुवटीवरून टपटपणारा घाम त्याने पाहिला, की बिलावर बोलताना त्याचा आवाज आपोआप खाली यायचा.

अर्थात सगळ्यांचा नाही. घुग्घुसचा एक ठेकेदार होता. त्याला गाडीला पुढून मोठाले दिवे, आत निळा उजेड आणि एक असा हॉर्न लावायचा होता की ताडोब्यातले वाघ स्थलांतर करतील. सामानावर त्याने डोळे मिटून खर्च केला आणि लेबरवर माझ्याशी घासाघीस केली. मी म्हटलं, "भाऊ, दिवे स्वतःहून जाऊन बसत नाहीत." तर म्हणतो, "बाई, हौसेच्या कामाले काय लेबर? मिस्त्रीले पन मजा आली असन ना!" मी मिस्त्रीकडे पाहिलं. बॉनेटमध्ये वाकून वाकून त्याची कंबर धरली होती आणि मजा आल्याची एकही खूण त्याच्या चेहऱ्यावर नव्हती.

याच्या उलट मुलचेऱ्याकडचे एक बिश्वासदादा. तिकडच्या बंगाली गावातले भातशेतीवाले, जुनी गाडी जिवापाड जपणारे. आईचे गुडघे गेले होते म्हणून पुढची सीट फिरवून बाहेर काढता येईल असं काही करा म्हणाले. असलं काम आमच्याकडे कोणी केलं नव्हतं. मिस्त्रीने तीन वेळा बसवलं आणि तीन वेळा काढलं. मी पेचात पडले, कारण माझ्याच नियमाने दुसऱ्यांदा खोलण्याचे पैसे घ्यायचे नव्हते. दादा म्हणाले, "दीदी, चूक वेगळी आणि शिकणं वेगळं. माझ्या आईसाठी शिकला, मी देणार." चूक आणि शिकणं यांत फरक धरायचा, हे मी त्या दिवसापासून लक्षात ठेवलं. पण खरी परीक्षा पुढेच होती. ती घेतली गोंडपिपरीकडच्या एका मासेवाल्या बाईंनी.

त्यांचं नाव सिंधूबाई. घरचा व्यवसाय तलावातल्या मासोळीचा, जोडीला थोडं धान. पूर्वी त्यांच्या गावची मासोळी दलाल उचलायचा आणि स्वतःच्या मर्जीने भाव द्यायचा. सिंधूबाईंनी बचत गटातून उचल घेऊन एक जुनी व्हॅन विकत घेतली, मागच्या सीटा काढल्या आणि मासोळी थेट चंद्रपूरच्या बाजारात आणायला सुरुवात केली. गाडी नवरा चालवायचा. तो इतका अबोल की गाडीचा हॉर्नसुद्धा वाजवायचा नाही. व्यवहार सगळा बाईंचा. घरात या गाडीला विरोध होता तो त्यांच्या भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचा. त्यांचं नाव ऋषीभाऊ. बाईमाणसाने गाडी करायची, शहरात जायचं, भाव करायचा, हे त्यांना पटत नव्हतं. पण चार पैसे दिसू लागल्यावर त्यांनी स्वतःही तशीच व्हॅन घेतली, आणि त्यांचं पाहून गावातल्या आणखी एकाने घेतली.

तर सिंधूबाईंची गाडी आमच्याकडे आली ती टोचन करून, दुसऱ्या गाडीमागे ओढत. तक्रार एकच. चालता चालता रस्त्यात बंद पडते. मासोळी गाडीत, वर ऊन आणि गाडी जागची हलत नाही. त्या म्हणाल्या, "बाई, दोनदा माल फेकून द्या लागला मले. आता तिसऱ्यांदा झालं का भासरे गाडी हातातून घेऊनच जाते. मनतच राह्यले, तुले गाडी झेपत नाई, मले देऊन टाक."

हे काम मी राजन्नाला दिलं. राजन्ना आमचा इलेक्ट्रिकचा मिस्त्री, मूळचा सिरोंचाकडचा. घरी तेलुगू आणि गॅरेजमध्ये जी सापडेल ती भाषा. मला 'अम्मा' म्हणायचा. वायरिंगच्या कामात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नव्हता. पण त्याला काम करताना कोणी बघितलेलं चालत नसे. माझ्या स्टुलाचा त्याला भारी राग. गिऱ्हाईक शेजारी बसलं की तो पाना खाली ठेवून चहाला निघून जायचा. त्यामुळे सिंधूबाईंचं स्टूल मी माझ्या काउंटरजवळ घेतलं.

गाडी काही केल्या बंद पडेना. राजन्नाने चावी फिरवली की पहिल्या झटक्यात सुरू. मूल रोडवर फिरवून आणली, तरी बंद पडली नाही. त्याने डॅशबोर्ड खोललं, एकेक वायर तपासली, पुन्हा बसवलं. पंप काढून पाहिला, तो ठणठणीत. गाडीचं हे दुखणं आपल्या पोरांसारखं असतं. घरी ताप असतो आणि डॉक्टरपुढे नेलं की खेळायला लागतात. पहिला दिवस असा गेला, दुसराही गेला. मालक येऊन दोनदा विचारून गेले, "सोडायची का गाडी?" राजन्ना मान हलवायचा. त्याची इतर कामं दुसऱ्या मिस्त्रीकडे चालली होती, म्हणजे त्याची कमाई बंद होती. मी म्हटलं, "राजन्ना, दे सोडून. पुन्हा बंद पडली तर बघू." तो म्हणाला, "अम्मा, पुन्हा पडली तर ती बाई जंगलात राहील. मी नाही सोडत."

त्या दिवसांत सिंधूबाई माझ्याजवळ बसून राहत. जवळच बहिणीकडे उतरल्या होत्या आणि सकाळीच यायच्या. मला बोलायला माणूस मिळाला आणि त्यांना ऐकणारं कोणी. त्यांनी मला तलाव शिकवला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव मिळून मोठं जाळं ओढतं. पण तलावाच्या तळाला जुन्या झाडांचे खुंट असतात. जाळं खुंटात अडकलं की फाटतं आणि मासोळी निघून जाते. म्हणून जाळ्याच्या आधी एक माणूस काठी घेऊन पाण्यात उतरतो, पायाने तळ चाचपत पुढे चालतो आणि खुंट लागला की तिथे खूण म्हणून काठी रोवतो. पायात काटे जातात, कधी शिंगाळ्या माशाचा काटा बसतो. तो माणूस एकही मासा धरत नाही, पण वाटणीत त्याला पूर्ण वाटा मिळतो. "आमच्याकडं हे काम भासरेच करते," सिंधूबाई म्हणाल्या. "त्यायच्यासारखा पाय कोनाचा नाई, बाई. बोलनं कडू हाये, पन पाय सोन्याचा हाये." जो माणूस गाडी हिसकावायला बसला होता त्याच्याबद्दल त्या हे मनापासून बोलत होत्या. मला तेव्हाच त्या आवडल्या.

तिसऱ्या दिवशी राजन्नाला एकदम काहीतरी सुचलं. तो थेट काउंटरवर आला आणि गिऱ्हाइकाशी कधी नव्हे ते स्वतः बोलला. "गाडी बंद पडते तवा मागं माल असते का?"

"माल नसन तर मी गाडी कायले काढीन?" सिंधूबाई म्हणाल्या.

"आन बरफ?"

"बरफ तं पायजेच. वरून मीठ टाकतो, थंडी जास्त धरते म्हनून."

राजन्नाने बर्फाच्या लाद्या मागवल्या. मालकाने कपाळाला हात लावला. गाडीत लाद्या ठेवल्या, वर मीठ टाकलं, वजनासाठी जुन्या बॅटऱ्या रचल्या आणि राजन्ना स्वतः मागे पत्र्यावर पालथा पडला. गाडी रस्त्यावर काढली आणि थोडं अंतर जाताच ती मेली. आमचा राजन्ना ओल्या कपड्यांनी परत आला तो नाचायचाच बाकी होता.

झालं होतं असं. सीटा काढल्यावर मासोळीसाठी मागे पत्र्याचा तळ बसवून घेतला होता आणि बर्फाचं पाणी जायला त्याला एक भोक पाडलं होतं. वेल्डिंगवाल्याने ते पाडलं नेमकं एका बोल्टच्या डोक्यावर. इंधनाच्या पंपाला वीज मिळते तिच्या परतीची वायर त्या बोल्टला कसलेली असते, तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. मिठाचं पाणी रोज त्या बोल्टवर ठिबकलं आणि तो आतून गंजला. गाडी रिकामी असली की वायर कशीबशी टेकून राहायची. माल भरला की तळ दबायचा, वायर ताणली जायची आणि पंप बंद. माल उतरवून, टोचन करून गॅरेजला आणेपर्यंत गाडी रिकामी झालेली होती, म्हणून आमच्याकडे ठणठणीत.

दुरुस्ती काय केली? बोल्ट घासला, नवा नट कसला आणि भोक बुजवून दुसऱ्या जागी पाडलं. चहा निवायच्या आत काम झालं. सामानात धरायला फक्त तो एक नट होता.

आता लेबर लावायचं होतं. मी राजन्नाच्या शोधाचे दिवस धरले. पूर्ण नाही धरले, पण धरले. सिंधूबाईंनी आकडा ऐकला, नवऱ्याकडे पाहिलं, मग राजन्नाकडे पाहिलं. तो अजून ओलाच होता. "देते," त्या म्हणाल्या. "पन आता रस्त्यात नाई ना मरनार?" राजन्ना म्हणाला, "त्या नटानं नाही मरणार." त्यांनी पैसे दिले, आणि त्यानंतर गाडी खरंच कधी रस्त्यात उभी राहिली नाही.

पुढे काही आठवड्यांनी ऋषीभाऊंची गाडी आली, तीही टोचन करून. माल भरला की बंद. राजन्नाने मागचं दार उघडलं, पत्र्याचं भोक पाहिलं आणि हसला. गावातल्या तिन्ही गाड्यांना एकाच वेल्डिंगवाल्याने एकाच मापाने पत्रा बसवला होता. राजन्नाने तिथेच वाकून बोल्ट घासला, नट कसला, भोक हलवलं. ऋषीभाऊंचा तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून व्हायच्या आत गाडी तयार. जेवढं काम केलं तेवढंच लेबर मी लावलं, अगदी किरकोळ. मला वाटलं, हा माणूस खूश होऊन जाईल.

तो खूश झाला तो दुसऱ्याच कारणाने. आठवड्याच्या आत ऋषीभाऊ, त्यांच्यासोबत तिसऱ्या गाडीवाल्यासह गावातले दोघं-तिघं, आणि मागे मान खाली घातलेल्या सिंधूबाई व त्यांचा नवरा, असे सगळे गॅरेजमध्ये हजर झाले. ऋषीभाऊ उंच, काळेसावळे, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर जाईल असा.

"बाई, मले एक सांगा. तोच नट, तोच बोल्ट, तोच मिस्त्री. मंग एकाच नटाचे दोन भाव काऊन? हिले एवढं मोठं बिल, आन मले चिल्लर?" आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "पाह्यलं? बाईच्या हातात गाडी देल्ली का असं लुटते लोक. उद्यापासून हे गाडी मी पाह्यतो. चावी द्या इकडं."

 चावी सिंधूबाईंच्या मुठीत होती आणि मूठ पदरात. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती अजून आठवते. त्यांना पैसे परत नको होते. आपण फसलो नाही, एवढं चारचौघांत कोणी सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ते फक्त मीच सांगू शकत होते.

तेवढ्यात राजन्ना आतून आला. त्याने 'लुटते' हा शब्द ऐकला होता. त्याने हातातला पाना माझ्या काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "अम्मा, माझं अर्धं परत दे यांना. चोरीचा पैसा मला नको."

मालक लगेच पुढे सरसावले. भांडण म्हटलं की त्यांचा हात गल्ल्याकडे जायचा. "देऊन टाकू ना बाई, कशाला वाद," ते पुटपुटले. मी त्यांना थांबवलं. पैसे परत करावेत तर राजन्ना चोर आणि सिंधूबाई बावळट ठरणार. ऋषीभाऊंकडून जास्त घ्यायचं म्हणावं तर त्यांच्या गाडीवर तेवढं काम झालेलंच नव्हतं. दोन्ही बिलं मीच केली होती आणि दोन्ही बरोबर होती. पण शेजारी शेजारी ठेवली की एक खोटं दिसत होतं. इतक्या वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती, हे कबूल करते.

मग ऋषीभाऊंच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. रबरी चपलेतले ते पाय, टाचांपासून बोटांपर्यंत जुन्या काट्यांच्या खुणा असलेले. मला सिंधूबाईंचा तलाव आठवला.

मी म्हटलं, "ऋषीभाऊ, आधी बसा. मला एक सांगा. तलावात जाळं ओढतात तेव्हा तुम्ही किती मासे धरता?"

त्यांना राग आला. "मी काऊन धरीन? माह्या हाती काठी राह्यते. मी पुढं चालतो."

"मग वाटणीत तुम्हाला काय मिळतं?"

"पूर्न वाटा भेटते. कोनालेबी विचारा."

"मासा एक नाही आणि वाटा पूर्ण? कशाचा हो?"

"कशाचा म्हंजे!" ते उठूनच उभे राहिले. "खुंट माह्या पायाले लागते म्हनून जाळं फाटत नाई! एका साली मी नोतो, तं जाळ्याच्या चिंध्या झाल्या. विचारा याईले."

सोबतचे लोक माना हलवू लागले. मी पुढे विचारलं, "आणि दुसऱ्या वर्षी? खुंट तर तेच. आता तुम्हाला जागा माहीत असतात. काठ्या भराभर रोवून होत असतील. मग वाटा कमी होतो का?"

"कमी काऊन होईन? माहीत कोनामुळं झालं?" ऋषीभाऊ बोलले, आणि बोलता बोलता थांबले.

  ऋषीभाऊंनी राजन्नाकडे पाहिलं. राजन्नाचे दोन्ही हात, बोटांच्या पेरांपर्यंत चिरलेले आणि काळे, काउंटरवर टेकलेले होते. मग त्यांनी सिंधूबाईंकडे पाहिलं.

"हिच्या गाडीत यानं खुंट पाह्यला," ते हळू आवाजात म्हणाले.

"तीन दिवस," मी म्हटलं. "शेवटी बर्फात पालथा पडून. आणि तुमच्या गाडीत काठी रोवलेलीच होती."

ऋषीभाऊ पुन्हा स्टुलावर बसले. मान खाली घालून टाचेवरची एक जुनी खूण चोळली. मला वाटलं, आता रागाने निघून जातील. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "मंग बाई, तुमी माह्या गाडीचं लेबर कमी लावलं."

माझ्या उभ्या नोकरीत लेबर कमी लावलं म्हणून तक्रार करणारं हे पहिलं आणि शेवटचं गिऱ्हाईक. मालकांना तर खोकलाच आला.

पुढचं त्यांनीच ठरवलं. शोधाची मजुरी तिन्ही गाड्यांनी वाटून घ्यायची, कारण तिसरीही आज ना उद्या त्याच बोल्टवर अडणार होती. गॅरेजने एक पैसा परत करायचा नाही. ऋषीभाऊंनी आपल्या वाटणीचे पैसे तिथेच काढून सिंधूबाईंच्या हातात दिले, तिसऱ्या गाडीवाल्यालाही द्यायला लावले, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हिनं आपल्या साऱ्याईचा खुंट पह्यले काढून देल्ला. गाडी हिचीच राहीन. चावी ठेव तुह्याजवळ."

तेव्हा मात्र सिंधूबाईंना रडू आवरलं नाही. त्यांचा तो अबोल नवरा राजन्नाजवळ गेला, काउंटरवरचा पाना उचलला आणि त्याच्या हातात दिला. 

गाड्या आता बदलल्या. यंत्राची वायर लावली की पडद्यावर दोष दिसतो म्हणतात. काही दिसतात, काही अजूनही माल भरल्याशिवाय दिसत नाहीत. त्या शोधाची मजुरी द्यायला लोकांच्या जिवावर येतं, आणि म्हणून शोधणारे हात हळूहळू हा धंदा सोडून जात आहेत. आमच्या गॅरेजमधलेच दोन चांगले मिस्त्री आता नवे पार्ट विकायचं दुकान चालवतात. छापील किमतीवर भांडण होत नाही म्हणून. मला त्यांचा राग येत नाही, वाईट मात्र वाटतं.

पण मी लिहायला बसले ते त्या प्रसंगानंतरच्या उन्हाळ्यासाठी. एका दुपारी सिंधूबाईंची व्हॅन गॅरेजच्या दारात थांबली. दुरुस्तीसाठी नव्हे. नवऱ्याने मागचं दार उघडलं आणि थर्माकोलचं एक भलं मोठं खोकं उतरवून राजन्नापुढे ठेवलं. आत बर्फात रोहू, कतला आणि वर दोन मोठे मरळ. त्या दिवशी तलावात जाळं ओढलं होतं. सिंधूबाई म्हणाल्या, "भासऱ्यानं धाडला. वाटे पाडले तवा मनलं, एक वाटा त्या मिस्त्रीचा काढा. सारं गाव हो मनलं."

राजन्ना खोक्याकडे बघत उभा राहिला. शनिवार होता आणि शनिवारी तो मासोळीला हातही लावत नसे. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. त्याने आयुष्यात मिळवलेल्या प्रत्येक रुपयावर आधी कोणीतरी घासाघीस केली होती, आणि पुष्कळदा ती माझ्याच काउंटरवर झाली होती. न मागता, न भांडता, त्याच्या शोधण्याचं कोणी पहिल्यांदाच काही आणून दिलं होतं. सिंधूबाई गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि मालकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारू लागला, "अम्मा, यातलं अर्धं गॅरेजचं ना?"



"नाही राजन्ना," मी म्हटलं. "हे लेबर नाही. हा वाटा आहे. पूर्ण तुझा."